‘पॅपिलरी लीजन’ असा रिपोर्ट आला असेल तर

स्तनातल्या गाठीच्या एफएनएसीच्या (बारीक सुईने पेशी काढून करायच्या तपासणीच्या) रिपोर्टमध्ये हे शब्द दिसले म्हणून लगेच कॅन्सर समजू नका, आणि ‘काही नाही’ म्हणून कागद ठेवूनही देऊ नका. दूधनलिकेच्या आत फ्लॉवरच्या तुऱ्यासारखी वाढ आहे, एवढंच हे नाव सांगतं. बहुतेकदा तो साधा पॅपिलोमा, म्हणजे कॅन्सर नसलेली वाढ असते; पण काही कॅन्सरचीही घडण अशीच असते.

तपासणीत 22 ते 25 गेजच्या बारीक सुईने पेशी ओढून काचेवर पसरतात. काही काचा हवेत सुकवतो, काही ओल्या असतानाच 95 टक्के अल्कोहोलमध्ये बुडवतो. बुडवायला जरा उशीर झाला की पेशी सुकतात आणि केंद्रकाचे बारकावे पुसट होतात. सुईत लालसर-तपकिरी पाणी आलं तर ते टाकून देत नाही. सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून तळाच्या गाळाच्या काचा करतो. पाणी काढल्यावर घट्ट भाग उरला असेल, तर सोनोग्राफीत बघून त्यातच पुन्हा सुई घालावी लागते. नुसत्या पाण्यावर भागवलं की ‘पेशी अपुऱ्या’ असा रिपोर्ट येतो आणि गाठ आहे तिथेच राहते.

रक्तवाहिनीचा दांडा असलेले तुरे, फेसाळ पेशी आणि मधूनमधून दोन्ही टोकांना निमुळती, उघडी केंद्रकं दिसली की कल साध्या पॅपिलोमाकडे जातो. ही केंद्रकं मायोएपिथेलियल पेशींची, म्हणजे नलिकेच्या बाहेरच्या थरातल्या पेशींची. ती दिसेनाशी झाली आणि सुट्या उंच पेशी वाढल्या की संशय वाढतो. खरी अडचण पुढे आहे. पॅपिलोमाही सुईत भरभरून पेशी देतो, तर काही पॅपिलरी कॅन्सरच्या पेशी दिसायला अगदी सौम्य असतात. एकाच गाठीचा एक कोपरा साधा, दुसरा बिघडलेला असू शकतो. पेशींनी नलिकेची भिंत ओलांडली का, हे तर काचेवरून कळतच नाही. म्हणूनच स्तनाच्या एफएनएसीचे रिपोर्ट ज्या योकोहामा पद्धतीने देतात, तिच्या पाच गटांपैकी ‘अटिपिकल’ (पेशी थोड्या वेगळ्या, पण नक्की सांगता येत नाही) हा गट या गाठींच्या वाट्याला वारंवार येतो.

अशा वेळी एफएनएसी पुन्हा करण्यापेक्षा कोअर बायोप्सी करावी, असं आमचं स्पष्ट मत आहे. त्यात साधारण 14 गेजच्या जाड सुईने सलग तुकडा मिळतो, आणि त्यावर पी63 सारख्या खास रंगतपासण्या करून मायोएपिथेलियल थर शोधता येतो. गरज वाटली तर सर्जन पूर्ण गाठ काढायला सांगतात.

मॅमोग्राफी आणि सोनोग्राफी सुईच्या आधी करून घ्या. सुईनंतर साकळलेलं रक्त चित्रात गोंधळ घालतं. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, मनाने बंद करू नका. बोंडातून रक्त येत असेल तर घरी पिळून येऊ नका, थेंब इथेच काचेवर घेऊ. त्या थेंबात काही सापडलं नाही, तरी सोनोग्राफी टाळू नका. दुसरीकडे तपासणी झाली असेल, तर रिपोर्टबरोबर जुन्या काचाही मागून आणा.