बारसे

बारसे : नवजात बालकाला पाळण्यात घालून त्याचे नाव ठेवण्याचा महाराष्ट्रातील घरगुती समारंभ. बहुधा जन्मापासून बाराव्या दिवशी होतो, म्हणून बारसे, गोव्यात बारसो. सोळा संस्कारांतल्या नामकरणाशी त्याची सांगड घातली जाते, पण पोथीतला विधी आणि माजघरातला सोहळा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पारस्कर गृह्यसूत्र या घरगुती संस्कारांच्या प्राचीन ग्रंथानुसार दहाव्या दिवशी बाळंतीण उठल्यावर ब्राह्मणांना जेवू घालून पित्याने नाव ठेवावे. मराठी घरात हा मान आत्याचा, आणि बाप त्या वेळी बाहेरच्या खोलीत पाहुण्यांना पान-सुपारी देत असतो. नाव मुलाचे दोन वा चार अक्षरी आणि घोष (ग, ज, द, ब अशा) व्यंजनाने सुरू होणारे, मुलीचे विषम अक्षरांचे व आकारान्त असावे, असेही सूत्र सांगते. मुलींच्या बाबतीत हा नियम न वाचताच पिढ्यान्‌पिढ्या पाळला गेलेला दिसतो : कमला, विमला, शारदा.

पुरोहित बोलावलेला असेल, तर काशाच्या ताटात तांदूळ पसरून सोन्याच्या अंगठीने त्यात नाव लिहितात. एकच नाही, देवतानाम, मासनाम, नक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार. पुढे लग्नात नवरा वधूचे नवे नाव तांदळातच अंगठीने लिहितो, ती याच ताटाची दुसरी फेरी.

बायकांच्या बारशाला पुरोहित लागत नाही. पाळण्याला फुलांच्या माळा बांधतात. पाट्यावरचा वरवंटा धुऊन, त्याला कुंची घालून, काजळ-कुंकू लावून आधी तो पाळण्याखालून पलीकडे देतात, मग बाळाला. एक जण खालून देते, दुसरी वरून घेते आणि ‘कुणी गोविंद घ्या, कुणी गोपाळ घ्या’ असे म्हणत ही देवघेव चालते. वरवंटा आधी का, याचे उत्तर बाळ दगडासारखे घट्ट व्हावे म्हणून, असे म्हाताऱ्या देतात. मग आत्या वाकून बाळाच्या कानात ‘कुर्रर्र’ करते आणि नाव सांगते. ती सांगत असतानाच बाकीच्या बायका तिच्या पाठीत धपाटे घालतात. ते लटके असावेत असा संकेत आहे, तो नेहमी पाळला जातोच असे नाही. नंतर पाळणा म्हणतात, बाळंतिणीची ओटी भरतात, सुंठवडा आणि घुगऱ्या वाटतात. ‘तुझ्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी’ ही वडीलधाऱ्यांची दटावणी इथलीच. एक क्रम मात्र लक्षात घेण्यासारखा आहे : सटवाई पाचव्या-सहाव्या रात्री येऊन कपाळी नशीब लिहून जाते, तिच्यासाठी कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. म्हणजे नशीब लिहिले जाते ते अजून बिननावाच्या पोराचे.

नावाचे अक्षर पंचांगातून काढायचे, तर अवकहडा चक्र पाहतात. 27 नक्षत्रे, प्रत्येकाचे 4 चरण, मिळून 108 अक्षरे. जन्मवेळी चंद्र ज्या चरणात असेल त्याचे अक्षर मुलाच्या वाट्याला येते : अश्विनीला चू, चे, चो, ला, रोहिणीला ओ, वा, वी, वू. चंद्र एक चरण साधारण सहा तासांत ओलांडतो, त्यामुळे सकाळी जन्मलेल्या आणि रात्री जन्मलेल्या बाळाचे अक्षर सहसा वेगळे निघते. या चक्रात आर्द्राला ङ, हस्ताला ण आणि उत्तराभाद्रपदेला ञ ही अक्षरेही आहेत. त्यांवरून नाव निघत नाही. मग शेजारच्या अक्षरावर भागवतात किंवा पत्रिकेपुरते एक नाव ठेवून हाक मारायला दुसरे घेतात.

पंचांगाहून जुना आणि जास्त हट्टी दावा घराण्याचा. आजोबाचे नाव नातवाला, ही चाल सर्रास होती. पेशव्यांत विश्वनाथांचा मुलगा बाळाजी, त्यांचा विसाजी (विश्वनाथाचेच रूप) म्हणजे थोरले बाजीराव, त्यांचा पुन्हा बाळाजी. शिवाजी महाराजांनी थोरल्या मुलाला आपल्या दिवंगत वडीलबंधूंचे, संभाजी हे नाव दिले आणि संभाजी महाराजांनी आपल्या मुलाचे नाव शिवाजी ठेवले. तेच पुढचे छत्रपती शाहू. पण अडचण घरात होती. सुनेने सासऱ्याचे नाव उच्चारायचे नाही, आणि तेच नाव तिच्या कुशीत. म्हणून तो बाळ, नाना, आबा, अप्पा होई, आणि कधी हे घरचे नावच जगाचे होऊन बसे. टिळकांचे जन्मनाव केशव. लोकमान्य झाले ते बाळ गंगाधर.

कुलदैवत आणि नवस यांची नावे वेगळ्या जातीची. खंडोबाचे खंडेराव, मल्हारी, म्हाळसा, जोतिबाचे जोतिराम, वारकऱ्यांच्या घरी विठ्ठल, नामदेव, सोपान, मुक्ता. मुलाला हाक मारताना देवाचे नाव तोंडी येते हा त्यामागचा हिशेब, आणि पुत्राला ‘नारायण’ म्हणून हाक मारून तरलेला भागवतातला अजामिळ त्याला साक्षीला. नवसाला धर्माची कुंपणे नव्हती : मालोजी भोसल्यांनी अहमदनगरच्या शाहशरीफ पिराला नवस बोलून झालेल्या मुलांची नावे शहाजी आणि शरीफजी ठेवली, अशी परंपरा सांगते.

ज्यांची मुले जगत नसत ते दृष्ट लागू नये म्हणून दगडू, धोंडू, केरबा, भिकाजी अशी नावे ठेवत. ही माया. मुलींवर मुली झाल्यावर शेवटचीला दिलेले ‘नकोशी’ किंवा ‘नकुसा’ हे नाव मात्र मायेचे नाही, आणि पुढचा मुलगा व्हावा म्हणून ठेवलेले असल्याने त्याला श्रद्धा म्हणणेही जिवावर येते. 2011 साली सातारा जिल्ह्यात अशा दोनशेहून अधिक मुलींना जाहीर कार्यक्रमात नवी नावे देण्यात आली.

मराठी बोलणाऱ्या इतर समाजांत बारशाची जागा वेगवेगळ्या विधींनी घेतली आहे. मुसलमान घरांत बाळाच्या कानात अजान देतात आणि सातव्या दिवशी अकीका, म्हणजे जावळ काढून कुर्बानी, करतात. ख्रिस्ती घरांत बाप्तिस्म्याच्या वेळी नाव पडते. कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंत मुलाचे नाव आठव्या दिवशी सुंतेच्या वेळी ठेवतात. त्यांनी बायबलमधली नावे मराठी वळणाची करून घेतली होती : अब्राहमचा अबाजी, सॅम्युएलचा समाजी, आयझॅकचा इसाजी. 1956 च्या धम्मदीक्षेनंतर नवबौद्ध घरांत तर एका पिढीत नावांचे रूप पालटले. राहुल, मिलिंद, सिद्धार्थ, सुजाता, संघमित्रा ही नावे आजोबांकडून आलेली नव्हती. आजोबांच्या वाट्याला आलेली तुच्छतेची नावे संपवण्यासाठी ती निवडली गेली.

सरकारी दप्तर या सगळ्याला वेळ देते. 1969 च्या कायद्याने जन्माची नोंद 21 दिवसांत करायची असते, पण नावाचा रकाना कोरा ठेवता येतो. तो 12 महिन्यांपर्यंत विनाशुल्क आणि पुढे 15 वर्षांपर्यंत शुल्क भरून भरता येतो. महाराष्ट्रात 1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांची नोंद स्वतःचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव या क्रमाने होते. प्रसूतिगृहात बाळाच्या मनगटाला बांधलेल्या पट्टीवर पूर्वीपासून एकट्या आईचेच नाव असते.