सेफ मोड (वर्ड प्रोसेसर)

वर्ड प्रोसेसर त्याला जोडलेल्या ॲड-इनविना, म्हणजे वरून बसवलेल्या पूरक प्रोग्रॅमविना, सुरू करण्याच्या पद्धतीला सेफ मोड म्हणतात. ही दुरुस्ती नव्हे, निदान आहे. प्रोग्रॅम उघडताना अडकतो, टाइप केलेली अक्षरे उशिरा उमटतात, सेव्ह करताच खिडकी गोठते, अशा वेळी दोष मूळ प्रोग्रॅमचा की जोडलेल्या गोष्टींचा, हे या चाचणीने काही मिनिटांत कळते. पुष्कळ जण ती न करताच अख्खे ऑफिस, म्हणजे वर्ड ज्यात येतो तो मायक्रोसॉफ्टचा संच, काढून पुन्हा टाकतात. ॲड-इन, टेम्प्लेट (दस्तऐवजाचे तयार साचे) आणि सेटिंग्ज वापरकर्त्याच्या खात्यात वेगळी साठवलेली असतात, त्यामुळे नव्याने टाकलेल्या ऑफिसमध्येही बहुधा जुनाच दोष परत दिसतो.

मायक्रोसॉफ्ट वर्डमध्ये (विंडोज) सेफ मोडला जाण्याच्या दोन वाटा आहेत. पहिली, कंट्रोल कळ दाबून धरून वर्डच्या आयकॉनवर डबल-क्लिक करणे. कळ लगेच सोडली तर वर्ड नेहमीसारखाच उघडतो. ‘सेफ मोडमध्ये सुरू करायचे का’ असे विचारणारी चौकट येईपर्यंत बोट हलवू नये. दुसरी, विंडोज आणि आर या कळा एकत्र दाबून रन चौकट उघडणे आणि तीत ‘विनवर्ड /सेफ’ ही आज्ञा देणे. आज्ञा रोमन अक्षरांत (winword /safe) लिहावी आणि तिरप्या रेघेआधी एक जागा सोडावी. कीबोर्ड मराठीवर राहिला असेल तर विंडोजला असा प्रोग्रॅमच सापडत नाही. खिडकीच्या माथ्यावर फाइलच्या नावाजवळ ‘सेफ मोड’ दिसले म्हणजे चाचणी खरी सुरू झाली. त्याआधी वर्डच्या सगळ्या खिडक्या बंद असल्या पाहिजेत. गोठलेला वर्ड दिसेनासा झाला तरी मागे चालूच असू शकतो. टास्क मॅनेजरमध्ये पाहून तो संपवावा.

या अवस्थेत ॲड-इन लोड होत नाहीत, ऑटोकरेक्टची यादी आणि टूलबारमधले वैयक्तिक बदल दिसत नाहीत, पसंतीच्या सेटिंग्ज बदलल्या तरी टिकत नाहीत आणि टेम्प्लेट सेव्ह करता येत नाही. साधा दस्तऐवज लिहून सेव्ह करता येतो. एक गोष्ट मात्र अनेकांना घाबरवते: वर्ड अचानक बंद पडल्यावर वाचवून ठेवलेल्या प्रती सेफ मोडमध्ये आपोआप उघडत नाहीत. त्या गेल्या असे समजू नये.

सेफ मोडमध्ये सगळे सुरळीत चालले तर संशयित तीनच उरतात: ॲड-इन, नॉर्मल टेम्प्लेट (प्रत्येक कोऱ्या दस्तऐवजाचा मूळ साचा) आणि साठवलेल्या सेटिंग्ज. ‘विनवर्ड /ए’ (winword /a) ही आज्ञा ॲड-इन आणि नॉर्मलसह सर्व ग्लोबल, म्हणजे सगळ्या दस्तऐवजांना लागू होणारी, टेम्प्लेट रोखते, शिवाय सेटिंग्जच्या फाइलींना वाचू वा बदलू देत नाही. म्हणून ताळा म्हणून तीही रन चौकटीत देऊन पाहावी. तरीही शोध ॲड-इनपासूनच सुरू करावा. त्यांची टिक काढता आणि परत लावता येते, काही गमावत नाही.

फाइल, ऑप्शन्स, ॲड-इन्स या क्रमाने गेल्यावर तळाशी ‘मॅनेज’ची यादी असते. तीत कॉम ॲड-इन्स (प्रोग्रॅम-रूपी ॲड-इनचा प्रकार) निवडून ‘गो’ दाबले की नावांची चौकट उघडते. नावापुढची टिक काढावी. शेजारचे ‘रिमूव्ह’ बटण दाबू नये, त्याने नोंदच जाते. आठ ॲड-इन असतील तर एकेक तपासत बसण्याऐवजी चारांची टिक काढावी, वर्ड पूर्ण बंद करून नेहमीच्या पद्धतीने उघडावा आणि तीच कृती करून पाहावी, जिच्यात दोष दिसत होता. दोष गेला तर गुन्हेगार काढलेल्या चारांत, नाही तर उरलेल्या चारांत. पुढे दोन, मग एक, अशा तीन फेऱ्यांत नाव हाती लागते. ही रीत एकच ॲड-इन दोषी आहे असे धरून चालते. दोन ॲड-इन एकमेकांशी भांडत असतील तर निम्म्यांच्या हिशेबात ती सुटतात. मग सगळी बंद करून एकेक वाढवत जाणे भाग पडते. काही ॲड-इन संगणकावरच्या सर्व खात्यांसाठी बसवलेली असतात. ती बंद करायला ॲडमिनिस्ट्रेटरचे अधिकार लागतात.

कॉमच्या यादीत न दिसणारी टेम्प्लेट-रूपी ॲड-इन वर्डच्या स्टार्टअप फोल्डरात असतात, आणि शोध फसतो तो बहुतेकदा इथेच. संदर्भसूची सांभाळणारी साधने आपली टेम्प्लेट इथेच ठेवतात, उदाहरणार्थ झोटेरो. हे फोल्डर ॲपडेटा, रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, वर्ड या वाटेवर आहे. ॲपडेटा लपवलेले असल्याने एक्सप्लोररमध्ये लपलेल्या वस्तू दाखवायला सांगावे लागते. फाइली डिलीट न करता डेस्कटॉपवर हलवून वर्ड उघडून पाहावा.

ॲड-इन निर्दोष ठरली तर नॉर्मल टेम्प्लेटकडे वळावे. ही फाइल रोमिंग, मायक्रोसॉफ्ट, टेम्प्लेट्स येथे असते. वर्ड बंद करून तिचे नाव बदलले की पुढच्या वेळी वर्ड कोरी नॉर्मल तयार करतो. जुनी फाइल फेकू नये: स्वतःचे मॅक्रो (साठवलेल्या आज्ञांच्या मालिका), स्टाइल आणि कळांची योजना तीत असते, आणि मॅक्रो व स्टाइल वर्डच्याच ऑर्गनायझर चौकटीतून नव्या फाइलीत आणता येतात.

सेफ मोडमध्येही दोष तसाच राहिला तर ॲड-इनवरचा आळ काढून टाकावा. मग तो एकाच दस्तऐवजात दिसतो का ते कोऱ्या फाइलीशी ताडून पाहावे. पानाची मांडणी ठरवताना वर्ड डीफॉल्ट प्रिंटरच्या ड्रायव्हरला, म्हणजे प्रिंटर चालवणाऱ्या प्रोग्रॅमला, विचारतो, त्यामुळे बंद असलेला नेटवर्क प्रिंटरही वर्डला रेंगाळत ठेवू शकतो; काही वेळ पीडीएफ प्रिंटर डीफॉल्ट करून फरक पडतो का पाहावे. एवढे झाल्यावरच ऑफिसच्या दुरुस्तीला हात घालावा: आधी क्विक रिपेअर, मग ऑनलाइन रिपेअर.

लिब्रेऑफिस रायटरमध्ये ही सोय 2017 च्या 5.3 आवृत्तीपासून आहे. हेल्प मेनूतून सेफ मोडमध्ये पुन्हा सुरू करता येते. तेव्हा तात्पुरते प्रोफाइल, म्हणजे वापरकर्त्याच्या सेटिंग्जचा संच, वापरले जाते आणि मूळ प्रोफाइलला धक्का लागत नाही. त्याच चौकटीत एक्स्टेन्शन (लिब्रेऑफिसची ॲड-इन) किंवा हार्डवेअर ॲक्सिलरेशन (पडद्यावरचे चित्रण ग्राफिक्स कार्डकडे सोपवण्याची सोय) बंद करण्याचे पर्याय असतात. प्रोफाइल कारखान्यातल्यासारखे कोरे करण्याचा पर्यायही तिथेच आहे, पण तो वापरण्याआधी प्रोफाइलची झिप प्रत काढण्याचे बटण दाबावे.