मंजूर लेआउटमधल्या प्लॉटवर घर: बांधकाम परवानगीचा अर्ज नेमका कुठे अडकतो

बांधकाम परवानगीचा अर्ज परत आला की लोक आधी आर्किटेक्टला धारेवर धरतात. नकाशातली चूक दोन दिवसांत दुरुस्त होते. महिनोन्‌महिने अडकून पडतो तो प्लॉटच. सातबारावर एक क्षेत्र असते, मोजणीत दुसरेच निघते आणि मंजूर लेआउटची (जमिनीचे प्लॉट आणि रस्ते दाखवणाऱ्या मंजूर नकाशाची) प्रत कुणाकडेच नसते. कागद, मोजणी आणि जागेवरची हद्द या तिन्ही ठिकाणी एकच प्लॉट दिसेपर्यंत फाईल पुढे सरकत नाही. म्हणून घराचा नकाशा काढायला देण्याआधी पुढचे सगळे तपासून घ्या.

नियम कोणते, कार्यालय कोणते

बृहन्मुंबई आणि वगळलेली आणखी काही क्षेत्रे सोडली तर महाराष्ट्रात डिसेंबर २०२० पासून एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर लागू आहे. परवानगी मिळते ती महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ खाली. कलम ४४ प्रमाणे अर्ज आणि कलम ४५ प्रमाणे मंजुरी. शहरात महानगरपालिका किंवा नगरपरिषद, महानगर प्रदेशात त्या प्रदेशाचे प्राधिकरण आणि बाकी प्रादेशिक योजनेच्या क्षेत्रात जिल्हाधिकारी कार्यालय. आपले गाव हद्दवाढीत गेले आहे का, हे आधी विचारून घ्या. जुन्या कार्यालयात भरलेले शुल्क नव्या कार्यालयात आपोआप वळते होत नाही.

अर्ज ऑनलाइन भरायचा असतो. बऱ्याच ठिकाणी महावास्तू प्रणालीवर, काही महापालिकांत त्यांच्या स्वतःच्या पोर्टलवर. तो आर्किटेक्ट किंवा परवानाधारक अभियंता आपल्या लॉगिनमधून भरतो. अर्जात तुमचाच मोबाइल क्रमांक टाकायला लावा. त्रुटीचा निरोप दुसऱ्याच्या फोनवर जाऊन पडला तर इकडे मुदत निघून जाते.

एनए आहे, नमुना ८ आहे, मग परवानगी कशाला?

सर्वाधिक फसगत इथेच होते. अकृषिक (एनए) आदेश जमिनीचा वापर बदलतो. घराचा नकाशा तो मंजूर करत नाही. ‘कलेक्टर एनए प्लॉट’ अशी जाहिरात वाचून घेतलेल्या प्लॉटवरही बांधकाम परवानगी वेगळी काढावीच लागते. ग्रामपंचायतीचा नमुना ८ हा कर आकारणीचा उतारा आहे. त्याने मालकीही सिद्ध होत नाही आणि बांधकामही अधिकृत ठरत नाही. सरपंचाच्या सहीच्या ना-हरकत दाखल्याचेही तेच. गुंठा-दोन गुंठ्यांचा तुकडा खरेदीखताने घेतला आणि सातबारावर नाव लागले, एवढ्याने तो मंजूर लेआउटमधला प्लॉट होत नाही.

विकास योजना जिथे मंजूर आहे तिथे झोन दाखला आणि भाग नकाशा काढा. शुल्क थोडे असते आणि दाखलाही लवकर मिळतो. प्लॉट रहिवास विभागात आहे का, त्यावरून विकास योजनेचा रस्ता जातो का, आरक्षण आहे का, हे त्यात दिसते. प्लॉटचा कोपरा जरी रस्तारुंदीत जात असला तरी तेवढे क्षेत्र वगळूनच नकाशा बसवावा लागतो.

कुणाकडेच नसलेला कागद

मंजूर लेआउटची प्रमाणित प्रत. १९७० ते १९९० च्या दरम्यान पडलेल्या बहुतेक वसाहतींत मूळ मालक आता नाहीत, सोसायटीच्या कपाटात असते ती झेरॉक्सची झेरॉक्स, आणि त्यावरचा जावक क्रमांक वाचता येत नाही. अशी प्रत कार्यालय घेत नाही, आणि त्याला कारण आहे. मंजुरीनंतर लेआउटमध्ये फेरबदल करून खुल्या जागेचे प्लॉट पाडल्याची प्रकरणे ठिकठिकाणी झाली आहेत.

शोध घ्यायचा तो आदेशाचा क्रमांक आणि दिनांक हातात घेऊन. ‘आमच्या कॉलनीचा लेआउट द्या’ एवढेच सांगून गेलात तर अभिलेख कक्षातून रिकाम्या हाताने परत याल. हा क्रमांक तीन ठिकाणी सापडतो: प्लॉटच्या पहिल्या खरेदीखतातल्या मिळकतीच्या वर्णनात, सातबाराच्या इतर हक्कात नोंदलेल्या फेरफार क्रमांकावरून काढलेल्या फेरफारात, आणि अकृषिक आदेशाच्या संदर्भात. क्रमांक मिळाला की शहरात नगररचना विभागात, बाहेर तहसील किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या अभिलेख कक्षात आणि नगररचना विभागाच्या जिल्हा शाखेत प्रमाणित प्रतीसाठी अर्ज करा. तोंडी ‘सापडत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. १० रुपयांचा कोर्ट फी स्टँप लावून माहिती अधिकारात अर्ज द्या. ३० दिवसांत लेखी उत्तर द्यावेच लागते. फाईल खरोखर गहाळ असेल तर त्या लेखी उत्तराच्या आधारे पुढचा मार्ग कार्यालयाला विचारता येतो. नागरिकाने चाळीस वर्षांपूर्वीचा सरकारी कागद सांभाळावा आणि सरकारी कार्यालयाने तो हरवला तरी चालावे, हे योग्य नाही. पण आजचे वास्तव हेच आहे, म्हणून शोध लवकर सुरू करा.

प्रत हाती आली की मंजुरी तात्पुरती आहे की अंतिम, ते आधी वाचा. तात्पुरत्या मंजुरीत रस्ते, गटारे आणि सीमांकन करण्याच्या अटी असतात. त्या पूर्ण होऊन मोजणी झाल्यावर अंतिम मंजुरी मिळते. तात्पुरत्या मंजुरीवर प्लॉट विकले गेले आणि विकसक पुढे आलाच नाही, अशा वसाहतींत एकट्या प्लॉटधारकाचा अर्ज वर्षानुवर्षे पडून राहतो. नवीन प्लॉट घेताना म्हणूनच अंतिम मंजुरीचाच नकाशा मागा. जमीन ५०० चौ. मी. पेक्षा जास्त आणि प्लॉटही आठपेक्षा जास्त असतील तर महारेराचा (गृहप्रकल्पांची नोंदणी करणाऱ्या प्राधिकरणाचा) नोंदणी क्रमांकही तपासा.

सातबारा, कजाप आणि मोजणी

अंतिम लेआउटनंतर भूमी अभिलेख कार्यालय कमी-जास्त पत्रक तयार करते. बोलीभाषेत कजाप. त्यावरून तलाठी फेरफार घेतो आणि प्रत्येक प्लॉटचा सातबारा वेगळा होतो. कजाप झालेले नसेल तर सातबारावर संपूर्ण गटाचे क्षेत्र आणि पन्नास-साठ नावे दिसतात. असा उतारा जोडला की अर्जावर पहिली त्रुटी निघते ती हीच. कजाप एका प्लॉटपुरते होत नाही. ते संपूर्ण लेआउटचे करावे लागते, म्हणजे शेजाऱ्यांना एकत्र यावेच लागते. सिटी सर्व्हे झालेल्या भागात सातबाराऐवजी मिळकत पत्रिका लागते. दोन्ही चालू असतील तर दोन्हीवरचे नाव आणि क्षेत्र जुळते का, ते पाहा.

मोजणीची ‘क’ प्रत (भूमी अभिलेख कार्यालयाचा मोजणी नकाशा) जुनी असेल आणि हद्दीवरची वहिवाट बदलली असेल तर नवी मोजणी करून घ्या. परवानगीच्या क्षेत्र विवरणपत्रातली पहिलीच ओळ अशी आहे: मालकी कागदाप्रमाणे, मोजणीप्रमाणे आणि जागेवर प्रत्यक्ष, या तीन क्षेत्रांपैकी जे सर्वात कमी तेच धरायचे. उताऱ्यावर २०० चौ. मी. आणि मोजणीत १९२ चौ. मी. असेल तर हिशेब १९२ वर होतो. मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येते ते) १.१० धरला तर १९२ × १.१० = २११.२ चौ. मी. त्यावर रहिवासासाठी ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र (जिना, बाल्कनी अशा भागांसाठीचे जादा क्षेत्र) अधिमूल्य, म्हणजे जादा शुल्क, भरून मिळते, म्हणजे १२६.७२ चौ. मी. एकूण ३३७.९२. आठ चौ. मी. च्या फरकाने बांधता येणारे १४ चौ. मी. गेले, म्हणजे एक खोली गेली. २०० वर काढलेला नकाशा म्हणूनच परत येतो. आर्किटेक्टला आधी मोजणी द्या, मग खोल्या ठरवा.

अर्धा प्लॉट आणि भावाभावांची वाटणी

मंजूर लेआउटमधला प्लॉट दोन भावांत वाटला, प्रत्येकाचे निम्मे नाव उताऱ्यावर लागले, मधे भिंतही घातली. कार्यालयाच्या लेखी तो अजूनही एकच प्लॉट आहे. वाटणीपत्राने किंवा अर्ध्या हिश्श्याच्या खरेदीखताने प्लॉटचे उपविभाजन मंजूर होत नाही. ते वेगळे मंजूर करून घ्यावे लागते. त्यात दोन्ही तुकड्यांना रस्ता, किमान रुंदी आणि किमान क्षेत्र हवे. मागच्या भावाला जायला फक्त तीन फुटी बोळ ठेवला असेल तर उपविभाजन मिळणार नाही. अशा वेळी सगळ्या सहधारकांच्या सह्यांनी एकच प्रस्ताव देणे हाच मार्ग उरतो. एक भाऊ परदेशी असेल तर कुलमुखत्यारपत्र आधीच करून घ्या. शेवटच्या आठवड्यात ते मिळत नाही. सोसायटीने भाडेपट्ट्याने दिलेल्या प्लॉटला सोसायटीची ना-हरकतही लागते. त्यासाठी थकबाकी भरलेली असावी.

रस्ता, अंतरे आणि मोकळी जागा

रस्त्याची रुंदी लेआउटवर ९ मीटर आणि जागेवर साडेसात, हे फार ठिकाणी दिसते, कारण प्रत्येकाने कंपाउंडची भिंत थोडी थोडी पुढे आणलेली असते. ९ मीटरपेक्षा अरुंद रस्त्यावर अधिमूल्याचा वाढीव एफएसआय आणि टीडीआर (दुसऱ्या जागेवरून आणलेला बांधकामाचा हक्क) मिळत नाही. तुमचे कंपाउंड पुढे असेल तर स्थळपाहणीला माणूस येण्याआधी ते मंजूर हद्दीवर घ्या. तळमजल्यावर दुकान काढायचे असेल तरी रस्त्याची रुंदीच पाहतात. रहिवास विभागाचा प्रकार आर-१ की आर-२ हे त्यावरच ठरते.

समोरचे, बाजूचे आणि मागचे सामासिक अंतर (घर आणि हद्द यांमध्ये सोडायची मोकळी जागा) प्लॉटचे क्षेत्र, रस्ता आणि इमारतीची उंची यांवर तक्त्यात दिलेले आहे. ते मोजतात मोजणीच्या हद्दीपासून. घरमालक कंपाउंडच्या भिंतीपासून टेप लावतो आणि तिथेच गफलत होते. बाजूच्या अंतरात बाहेरून काढलेला जिना आणि मागच्या अंतरातले संडास-बाथरूम, घर वापरात घ्यायच्या भोगवटा प्रमाणपत्राच्या वेळी अडवणाऱ्या बाबी बहुधा याच असतात.

०.४ हेक्टर आणि त्यावरच्या लेआउटमध्ये १० टक्के खुली जागा ठेवावी लागते. ती सगळ्या प्लॉटधारकांच्या वापराची असते. ‘कोपऱ्यातला प्लॉट स्वस्तात’ म्हणून कुणी दाखवला तर लेआउटवर त्या जागी ‘खुली जागा’ असे लिहिले आहे का, ते आधी पाहा. तिथे घराची परवानगी कधीच मिळणार नाही.

नदीकाठच्या वसाहतींत पूररेषेचा दाखला विसरू नका. निळ्या रेषेच्या (नदीला जवळच्या पूररेषेच्या) आत बांधकामाला मनाई आहे. निळ्या आणि तिच्या बाहेरच्या लाल रेषेच्या मधे जोते लाल रेषेच्या पातळीपेक्षा किमान ०.४५ मीटर उंच घ्यावे लागते. रेल्वे हद्दीपासून ३० मीटरच्या आत प्लॉट असेल तर रेल्वेची ना-हरकत लागते. त्या पत्राला वेळ लागतो. सगळ्यात आधी तो अर्ज टाका.

छोट्या प्लॉटची सवलत

१५० चौ. मी. पर्यंतच्या प्लॉटवर साध्या घरासाठी मंजुरीची वाट पाहावी लागत नाही. मालकीचा कागद, लेआउट किंवा मोजणी नकाशा, घराचा नकाशा, तो नियमात असल्याचे परवानाधारक तांत्रिक व्यक्तीचे प्रमाणपत्र आणि शुल्क भरल्याच्या पावत्या दाखल केल्या की पोच हीच परवानगी. १५० ते ३०० चौ. मी. पर्यंत १० दिवसांत प्रारंभ प्रमाणपत्र (काम सुरू करायची परवानगी) द्यायचे असते. या सवलतीचा अर्थ ‘काहीच लागत नाही’ असा घेऊ नका. पोच न घेता पाया खोदला तर ते अनधिकृत बांधकामच. नियम इथेही सगळे लागू आहेत. कार्यालय आधी तपासत नाही, एवढाच फरक. मजल्यांची आणि उंचीची मर्यादा आर्किटेक्टकडून लेखी घ्या.

शुल्कात रेडीरेकनरच्या (जमिनीच्या सरकारी मूल्याच्या) दरावर ठरणारे विकास शुल्क, छाननी शुल्क, बांधकाम खर्चाच्या १ टक्का कामगार उपकर आणि घेतला असेल तर अनुषंगिक क्षेत्राचे अधिमूल्य येते. चलन निघाल्यावरही पैसे भरायचे राहिले तर फाईल तिथेच थांबते.

चुकीच्या वाचलेल्या मुदती

साठ दिवस. कायद्यात ६० दिवसांत निर्णय न कळवल्यास परवानगी मिळाल्याचे मानतात, हे खरे आहे. पण कार्यालयाने त्रुटी काढली असेल तर हे दिवस तुमच्या उत्तराच्या तारखेपासून पुन्हा मोजतात. शिवाय प्रस्ताव नियमात तंतोतंत बसत असेल तरच ही मानीव परवानगी लागू होते. ६१ व्या दिवशी जेसीबी लावू नका. आधी कार्यालयाला लेखी कळवून पोच घ्या आणि वकिलाला कागद दाखवा.

एक वर्ष. प्रारंभ प्रमाणपत्राचे दरवर्षी नूतनीकरण लागते, एकूण मुदत ४ वर्षे. मुदतीत काम सुरू झाले तर नूतनीकरण लागत नाही, पण ‘सुरू’ म्हणजे जोत्यापर्यंतचे काम. भूमिपूजन झाले, खड्डे घेतले, लोखंड आणून ठेवले, हे त्यात मोजत नाहीत. नूतनीकरणाचा अर्ज वर्ष संपण्याआधी द्या.

चाळीस दिवस. अर्ज नाकारल्यास किंवा जाचक अटी घातल्यास आदेश कळवल्यापासून ४० दिवसांत कलम ४७ खाली शासनाकडे अपील करता येते. लोक हेच दिवस कार्यालयात चकरा मारण्यात घालवतात. नकाराची प्रत पोर्टलवर आली त्या दिवशीच तारीख लिहून ठेवा.

जोते आणि भोगवटा

जोत्यापर्यंत काम आले की ते कळवून जोते तपासणी करून घ्या. इथे अंतर चुकलेले सापडले तर चार कॉलम हलवून भागते. स्लॅब पडल्यावर सापडले तर तोडावे लागते किंवा नियमात बसते तेवढेच दंड भरून नियमित होते. बांधताना एखादी खिडकी-भिंत बदलली असेल तर सुधारित नकाशा भोगवट्याच्या अर्जाआधी मंजूर करून घ्या.

घर झाले, घरपट्टी लागली, नळ आला म्हणून लोक भोगवटा प्रमाणपत्र घ्यायचे सोडून देतात. कर आकारणीने बांधकाम अधिकृत होत नाही. दहा वर्षांनी घर विकताना ग्राहकाची बँक तेच प्रमाणपत्र मागते, आणि तोवर नकाशावर सही करणाऱ्या अभियंत्याचा परवाना संपलेला असतो. पूर्णत्वाचा दाखला त्याच्याकडून काम संपल्या महिन्यातच घ्या, आणि त्याच्या शेवटच्या हप्त्याचे पैसे भोगवटा हातात पडेपर्यंत राखून ठेवा.