२,१४,७४,८३,६४७ : एका मूळ संख्येची कुळकथा

२ चा ३१ वा घात घेऊन त्यातून १ वजा केला की २,१४,७४,८३,६४७ ही संख्या मिळते. ती मूळ संख्या आहे, पण हे सिद्ध व्हायला फार काळ जावा लागला.

इटलीचा पिएत्रो कातालदी याने १६०३ मध्ये छापलेल्या पुस्तकात दावा केला की २ च्या १७, १९, २३, २९, ३१ आणि ३७ या घातांतून १ वजा केल्यास मूळ संख्याच मिळतात. पहिल्या दोन त्याने रीतसर भागाकार करून तपासल्या होत्या. पुढच्या चार मात्र एकेक करून गळू लागल्या. १६४० मध्ये फ्रेंच गणिती फर्माने दाखवले की २३ च्या घाताच्या संख्येला ४७ ने आणि ३७ च्या संख्येला २२३ ने भाग जातो. १७३८ मध्ये स्विस गणिती ऑयलरने २९ ची संख्या २३३ ने भागून दाखवली. उरली ती ३१ ची. पॅरिसच्या मर्सेन या धर्मगुरूने १६४४ मध्ये दिलेल्या अशा मूळ संख्यांच्या यादीत ती होती. पण त्या यादीत चुकाही होत्या, तेव्हा तिचा भरवसा काय धरणार?

निकाल लागला १७७२ मध्ये, तोही ऑयलरच्याच हातून. तेव्हा त्याची दृष्टी जवळजवळ गेलेली होती. ४६,३४० पर्यंतची प्रत्येक मूळ संख्या तपासायची तर हजारो भागाकार झाले असते. पण या संख्येला मूळ विभाजक असलाच, तर त्याला २४८ ने भागल्यावर बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे, हे त्याने ताडले. मग तपासायला उरतात जेमतेम ऐंशीच्या आसपास. माझ्या मते खरे कौतुक या चाळणीचे आहे, उत्तराचे नंतर.

हीच संख्या २ च्या ३० व्या घाताने गुणली की एक परिपूर्ण संख्या मिळते, म्हणजे स्वतःखेरीज बाकी सर्व विभाजकांच्या बेरजेइतकी (जसे ६ = १ + २ + ३). तिच्याविषयी इंग्रज गणिती पीटर बार्लोने १८११ मध्ये लिहिले की याहून मोठी परिपूर्ण संख्या कुणी शोधणार नाही. कारण त्याच्या मते अशा संख्या नुसत्या गमतीच्या, उपयोग काहीच नाही. पण १८७६ मध्ये फ्रेंच गणिती ल्युकाने २ च्या १२७ व्या घातातून १ वजा करून मिळणारी ३९ अंकी संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले, आणि तिच्यापासून मिळणारी परिपूर्ण संख्या कितीतरी मोठी होती.

आज ही संख्या ओळखीची आहे ती संगणकामुळे. ३२ बिटांपैकी (म्हणजे ० किंवा १ च्या जागांपैकी) एक बिट धन-ऋण चिन्हाला दिला की उरलेल्या ३१ मध्ये मावणारी सर्वांत मोठी संख्या हीच. २०१४ च्या डिसेंबरात ‘गंगनम स्टाइल’ या गाण्याच्या व्हिडिओमुळे यूट्यूबच्या दर्शकगणनेला हीच मर्यादा आड आली. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा ३१ बिटांत मोजणारी संगणकांतली जुनी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी याच आकड्यावर पोहोचतील आणि पुढच्या सेकंदाला थेट १९०१ सालात जातील.

या अडचणींचा तिच्या मूळ असण्याशी मात्र काडीचा संबंध नाही. संयुक्त असती तरी हेच झाले असते. संबंध आहे तो यादृच्छिक (कोणताही ठरावीक क्रम न दिसणाऱ्या) संख्या तयार करण्याच्या पद्धतीत. १९६९ मध्ये लुईस, गुडमन आणि मिलर यांनी आयबीएमच्या संगणकांसाठी सुचवलेल्या रीतीत आधीच्या संख्येला १६,८०७ ने गुणायचे, या संख्येने भागायचे आणि बाकी घ्यायची. भाजक मूळ असल्यामुळे आणि १६,८०७ हा गुणक नेमका निवडल्यामुळे १ पासून २,१४,७४,८३,६४६ पर्यंतची प्रत्येक संख्या एकदा येऊन गेल्याशिवाय एकही पुन्हा येत नाही.