चालतं जहाज खाली बसतं तेव्हा

पालघर जिल्ह्यात होणाऱ्या वाढवण बंदराची बातमी आली की एक प्रश्न हमखास ऐकू येतो. समुद्र तर सगळीकडे खोलच असतो, मग एका बंदरासाठी पाण्यात भराव घालून 76,000 कोटी रुपये खर्च कशाला करायचे? न्हावा-शेवा आहेच, तिथेच आणखी दोन धक्के बांधले तर काय बिघडलं? प्रश्न रास्त आहे, पण त्यातलं पहिलंच गृहीतक चुकतं. आपल्या किनाऱ्यालगतचा समुद्र खोल नाही. शाळेच्या भूगोलात आपण भूखंडमंच शिकलो, म्हणजे किनाऱ्याला लागून असलेली समुद्रबूड जमीन. मुंबईसमोर हा मंच सुमारे 300 किलोमीटर रुंद आहे आणि त्याचा उतार अगदी मंद आहे. त्यामुळे 20 मीटर पाणी गाठायला कित्येक किलोमीटर आत जावं लागतं. केरळच्या दक्षिण टोकाला विळिंजमजवळ मात्र किनाऱ्यापासून जेमतेम एका सागरी मैलावर तेवढं पाणी मिळतं.

आता 20 मीटरच का, ते पाहू.

जून 2025 मध्ये विळिंजमच्या धक्क्याला एमएससी इरिना हे जहाज लागलं. लांबी जवळपास 400 मीटर, रुंदी 61 मीटर आणि क्षमता 24,346 टीईयू. टीईयू म्हणजे 20 फूट लांबीचा एक कंटेनर. कंटेनर वाहतुकीचे अमेरिकी जनक माल्कम मॅकलीन यांच्या ‘आयडियल एक्स’ या जहाजाने 26 एप्रिल 1956 रोजी अमेरिकेतल्या नेवार्कहून ह्यूस्टनला पहिली फेरी केली, तेव्हा त्याच्यावर 58 कंटेनर होते. जहाजं एवढी वाढण्यामागे साधं गणित आहे. लांबी, रुंदी, उंची दुप्पट केली की मालाची जागा आठपट होते, पण पाण्याला घासणारा पृष्ठभाग चौपटच होतो. इंजिनाला मुख्यतः या घर्षणाशी झगडावं लागतं. त्यामुळे जहाज जितकं मोठं, तितकं दर कंटेनरमागचं इंधन कमी.

असं जहाज पूर्ण भरलं की त्याचा 16 ते 17 मीटर भाग पाण्याखाली असतो. याला जहाजाचा ड्राफ्ट म्हणतात. एका मीटरची किंमत किती? जहाजाचा पाण्याच्या पातळीवरचा आडवा छेद साधारण 20,000 चौरस मीटर भरतो. आर्किमिडीजच्या तत्त्वानुसार ते एक मीटर कमी बुडवायचं असेल तर 20,000 टनांहून अधिक माल उतरवावा लागेल, म्हणजे अंदाजे दीड ते दोन हजार भरलेले कंटेनर. बंदर एका मीटरने उथळ निघालं तर एवढा माल मागे ठेवून जहाजाला यावं लागतं, नाहीतर ते येतच नाही.

पण ड्राफ्ट 16 मीटर आणि पाणी साडेसोळा मीटर, तर जहाज जायला काय हरकत आहे? इथे मला फार आवडणारं एक भौतिकशास्त्र सुरू होतं. दर्यावर्दी त्याला ‘स्क्वॉट’ म्हणतात. उथळ पाण्यात चालणारं जहाज खाली बसतं. त्यात मालाचा एक किलोही वाढलेला नसतो, तळाला भोक पडलेलं नसतं, तरी त्याचा तळ समुद्राच्या बुडाकडे सरकतो.

असं का होतं? जहाज पुढे जातं तेव्हा पुढचं पाणी बाजूला सारतं आणि मागे रिकामी होणारी जागा पाण्याने भरावी लागते. म्हणजे जहाज पुढे आणि पाणी उलट, मागच्या दिशेने, अशी वाहतूक अखंड चालू असते. खोल समुद्रात हे पाणी तळाखालून ऐसपैस निघून जातं. पण तळ आणि समुद्रबूड यांच्यात दोनच मीटर फट उरली असेल तर? तेवढंच पाणी कमी जागेतून जायचं म्हणजे वेग वाढणारच, जशी पसरट पात्रातली संथ नदी घळीत शिरताच उसळते. आता दुसरी पायरी. अठराव्या शतकात डॅनियल बर्नुली यांनी दाखवून दिलं की प्रवाहाचा वेग वाढतो तिथे त्याचा दाब कमी होतो. जहाजाच्या तळाखाली आणि दोन्ही कुशींना पाणी वेगाने धावतं, म्हणून तिथला दाब उतरतो.

दाब उतरला की वर उचलून धरणारं बळ घटतं आणि जहाज खाली जातं, इथपर्यंत समजलं की बरेच जण थांबतात. खरी गंमत पुढे आहे. जहाजाचं वजन तेवढंच आहे, म्हणजे त्याला तरंगत ठेवणारं बळही तेवढंच हवं. मग नेमकं काय बदललं? जहाजाभोवतीच्या पाण्याची पातळीच खाली गेली! दाब कमी झालेल्या पट्ट्यात समुद्राचा पृष्ठभाग खोलगट होतो आणि जहाज त्या खळग्यात बसून पुढे जातं. खळगाही त्याच्याबरोबर चालतो. म्हणून जहाजाच्या कुशीवर रंगवलेले ड्राफ्टचे आकडे वाचून हा फरक नीट कळत नाही, कारण ज्या पाण्यावरून आपण मोजतो तेच खाली आलेलं असतं.

ब्रिटिश तज्ज्ञ बॅरास यांनी यासाठी एक सुटसुटीत सूत्र दिलं आहे. उथळ पण मोकळ्या पाण्यात जहाज किती मीटर बसेल? वेगाचा (नॉटमध्ये, म्हणजे ताशी सागरी मैलांत) वर्ग करायचा, त्याला जहाजाच्या ठोकळेपणाच्या गुणांकाने गुणायचं आणि 100 ने भागायचं. ठोकळेपणा म्हणजे तळ किती खोक्यासारखा आहे त्याचं माप. कंटेनर जहाजासाठी ते सुमारे 0.65 धरा. 6 नॉट वेगाला उत्तर येतं 23 सेंटीमीटर. 12 नॉटला 94 सेंटीमीटर. वेग दुप्पट झाला आणि बसणं चौपट! खोदलेल्या अरुंद नौकामार्गात पाण्याला बाजूंनीही वाट नसते, तिथे हा आकडा जवळपास दुप्पट होतो, म्हणजे 12 नॉटला पावणेदोन मीटरच्याही वर. शिवाय जहाज सपाट बसत नाही. सडपातळ घडणीची कंटेनर जहाजं बहुधा मागच्या बाजूने जास्त बसतात, आणि मागेच प्रोपेलर आणि सुकाणू असतात. ठोकळेबाज तेलवाहू टँकर पुढून बसतात.

जहाजाला बंदरात वाट दाखवणाऱ्या अनुभवी पायलटला हे जाणवतं. मागच्या लाटा मोठ्या होतात, जहाज थरथरतं, इंजिन तेवढंच असून वेग पडतो, सुकाणू जड होतं. उपाय एकच, वेग कमी करणं.

7 ऑगस्ट 1992 रोजी अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ क्वीन एलिझाबेथ 2 हे आलिशान प्रवासी जहाज खडकावर घासलं. नकाशात तिथे सुमारे 12 मीटर पाणी दाखवलं होतं आणि जहाजाचा ड्राफ्ट 10 मीटरच्या आत होता. नकाशात तो खडक नीट नोंदलेला नव्हता. पण 24 नॉटच्या आसपास वेगाने जाताना जहाज किती बसेल याचा अंदाजही कमी धरला गेला होता, असं चौकशीत निघालं. अशा घटना ऐकल्या की ‘समुद्राने जहाज खाली खेचलं’ अशा कथा पसरतात आणि बर्म्युडा त्रिकोणाचे व्हिडिओ पुन्हा फिरू लागतात. खेचणारी शक्ती आहे, पण ती गूढ नाही. दहावीच्या मुलाला कागदावर मांडता येईल इतकी ती स्वच्छ आहे. मुलांना भुताखेतांपेक्षा हे गणित सांगितलं तर समुद्र जास्त रोमांचक वाटेल, याची मला खात्री आहे.

स्क्वॉटमध्ये आणखी गोष्टी मिळवाव्या लागतात. 61 मीटर रुंद जहाज वाऱ्याने किंवा वळणावर फक्त 1 अंश कललं, तर त्याची एक कड अर्धा मीटर खाली जाते. पावसाळ्यात खाडीच्या तोंडाशी गोडं पाणी मिसळून घनता 1.025 वरून 1.010 वर आली, तर तेच जहाज सुमारे 20 सेंटीमीटर जास्त बुडतं. त्यावर लाटा आहेत, मोजणीतली चूक आहे, तळाशी नव्याने साचलेला गाळ आहे. म्हणून तळाखाली ड्राफ्टच्या दहा ते पंधरा टक्के पाणी राखायचा रिवाज आहे. साडेसोळा मीटर ड्राफ्टला अठरा-एकोणीस मीटर पाणी लागतं ते असं. पुढच्या काही वर्षांचा विचार केला की आकडा विसावर जातो.

न्हावा-शेवा 1989 मध्ये सुरू झालं. तिथला नौकामार्ग खोदून 15 मीटरपर्यंत नेला आणि भरतीच्या पाण्याचाही आधार घेतला जातो. पण खाडीतला खोदलेला मार्ग हा गाळाचा सापळाच असतो. प्रवाह उथळ भागातून खोल चरात उतरला की मंदावतो आणि सोबतचा चिखल तिथेच टाकतो. त्यातच मातीचे बारीक कण खाऱ्या पाण्यात एकमेकांना चिकटून जड होतात. ड्रेजर लावून गाळ उपसायचा, तो पुन्हा येतो, पुन्हा उपसायचा. निसर्गतः खोल जागेचं मोल यासाठी, आणि वाढवणचा आग्रहही त्यासाठीच.

देशाच्या व्यापाराशी याचा संबंध अगदी थेट आहे. आपला आकारमानाने सुमारे 95 टक्के परदेशी व्यापार समुद्रमार्गे होतो. पण दुसऱ्या जहाजावर चढवून पुढे पाठवाव्या लागणाऱ्या आपल्या मालापैकी तीन चतुर्थांश परदेशी बंदरांत हाताळला जात आला आहे, मुख्यतः कोलंबो, सिंगापूर आणि मलेशियातल्या क्लांगमध्ये. छोटं फीडर जहाज आपल्या बंदरातून कंटेनर कोलंबोला नेतं, तिथे 18 मीटर पाण्यात उभ्या असलेल्या मोठ्या जहाजावर तो चढतो. जास्तीची चढउतार, जास्तीचे दिवस, आणि हाताळणीचा पैसा त्यांच्याकडे. जुलै 2024 मध्ये विळिंजमला पहिलं मोठं कंटेनर जहाज आलं, तेव्हापासून हे थोडं बदलू लागलं आहे.

वाढवणचं भूमिपूजन 30 ऑगस्ट 2024 रोजी झालं. ते जगातल्या पहिल्या दहा बंदरांत असेल, असं सरकार सांगतं. खोली मिळाली की क्रमांक मिळतो असं मात्र नाही. कंटेनर धक्क्यावरून उचलून नेणारी रेल्वे, झटपट सीमाशुल्क तपासणी आणि मागे माल पिकवणारा मुलूख, हे सगळं लागतं. नियोजित दहा किलोमीटरच्या लाटरोधक भिंतीने आणि 1,448 हेक्टरच्या भरावाने प्रवाह वळतील, म्हणजे वाळू आणि गाळही दुसरीकडे जाऊन बसतील. डहाणू-पालघरचे मच्छीमार वर्षानुवर्षं विरोध करत आले आहेत त्यामागे हाही धोका आहे, आणि माझ्या मते तो भावनेचा नाही, भौतिकशास्त्राचा प्रश्न आहे. बांधकामाच्या आधी आणि नंतर, दर ऋतूत तिथल्या तळाची खोली मोजून ते आकडे सगळ्यांसाठी खुले ठेवायला हवेत, बंदर चालवणाऱ्यांसाठी आणि तिथे जाळं टाकणाऱ्यांसाठीही.