शिल्पाचं अभ्यासचित्र आणि शिल्पावरून सुचलेलं चित्र

नाशिकमधल्या एखाद्या प्रदर्शनात पांडवलेणीतली मूर्ती जलरंगात दिसली, की पाहणाऱ्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: ‘हुबेहूब आलीय का?’ शिल्प समजून घेण्यासाठी केलेल्या अभ्यासचित्राला हा प्रश्न विचारायलाच हवा, पण शिल्पावरून सुचलेल्या चित्रावर त्याने अन्याय होतो. दोन्ही चित्रांत विषय तोच आणि रंग तेच, म्हणून ती एकाच जातीची वाटतात.

अभ्यासचित्र दगडाला बांधील असतं. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये ग्रीक-रोमन पुतळ्यांच्या प्लास्टरच्या प्रतिकृती समोर ठेवून रेखाटन करून घेत, ते यासाठीच. आपल्याकडे त्याहून मोठी शाळा डोंगरात आहे. पांडवलेणीच्या तीन क्रमांकाच्या लेण्यात ओसरीखाली सहा यक्ष आहेत. जमिनीतून कमरेपर्यंत वर आल्यासारखे, खांद्यांवर तुळयांचा भार पेलणारे. त्यांचा अभ्यास करायचा म्हणजे मान खांद्यांत किती रुतली आहे, दंड कुठे फुगला आहे, हे पाहायचं. मान जराशी लांब झाली तरी भार नाहीसा होतो आणि उरतो नुसता जाडा माणूस. उजेडही नीट वाचावा लागतो. लेणी उत्तरेकडे तोंड करून आहेत, त्यामुळे ऊन थेट फारसं येत नाही. समोरच्या मोकळ्या जागेवरून आणि फरशीवरून परतलेला उजेड मूर्तीला खालून लागतो. हनुवटीखाली सवयीने गडद रंग भरणारा इथे हमखास फसतो.

सुचलेलं चित्र कागदाला बांधील असतं. त्याच सहा यक्षांतून चित्रकार फक्त भार उचलेल: वर फिकट, रुंद पट्टा आणि त्याखाली ओल्या कागदावर पसरू दिलेले सहा गडद आकार. चेहरे नाहीत, बोटं नाहीत, तरी ते चित्र खरं असू शकतं. मात्र ते आकार पट्ट्याखाली दबलेले दिसले पाहिजेत. तो दाब गेला, तर यक्षांचं नाव लावून उपयोग नाही; चांगले डाग कुठूनही मिळतात.

साम्य ही मात्र या दोहोंतली सीमारेषा नव्हे. अमेरिकन चित्रकार जॉन सिंगर सार्जंटने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला फ्लॉरेन्सच्या बोबोली बागेतले पुतळे जलरंगात केले. पुतळा लगेच ओळखू येतो, तरी माझ्या मते ती अभ्यासचित्रं नाहीत. त्याला पुतळ्यापेक्षा त्यावर पडलेला उजेड हवा होता, आणि संगमरवराने ते सोपंही केलं: कोरा कागद म्हणजे उन्हातला दगड, सावलीत निळा-जांभळा.

ही युक्ती आपल्या बेसाल्टवर तशीच्या तशी चालत नाही, आणि परदेशी व्हिडिओ पाहून शिकणारी मुलं इथेच अडतात. काळ्या दगडात कोरा पांढरा कागद राखावा अशी जागा फार थोडी. अल्ट्रामरीन (निळा) आणि बर्न्ट सायना (तांबूस तपकिरी) मिसळून खरबरीत कागदावर पाणीदार वॉश, म्हणजे पातळ रंगाचा थर दिला, की अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत बसतात आणि दगडाचा पोत आपोआप येतो. वर सारखा ब्रश फिरवला, तर तो पोत मरतो. सिन्नरचं गोंदेश्वर मंदिर मात्र उघड्यावर उभं आहे. तिथे ऊन भिंतीवर तिरपं आलं, की मूर्तींच्या पडछाया इतक्या ठसठशीत पडतात की आधी पडछायाच रंगवाव्यात, मूर्ती त्यांच्यामधून बाहेर येते.

मोबाइलवरच्या फोटोवरून केलेलं चित्र या दोन्हींत बसत नाही. फोटोत अंधाऱ्या लेण्याचा कोपरा एकसारखा काळा होतो, डोळ्यांना दिसणारा परतलेला उजेड त्यात हरवतो. जागेवर बसून आधी अभ्यासचित्र करावं. सुचलेलं चित्र मग घरी करावं, आणि तेव्हा ते अभ्यासचित्रही समोर ठेवू नये.