पंचिंग (यंत्रभरतकाम)

चित्र, बोधचिन्ह किंवा अक्षरे यंत्राला पाळता येतील अशा टाक्यांच्या क्रमात उतरवण्याच्या कामास पंचिंग किंवा डिजिटायझिंग म्हणतात. पूर्वी स्वयंचलित शिफली यंत्रांसाठी (रुंद कापडावर एकाच वेळी अनेक सुयांनी भरतकाम करणारी यंत्रे) नक्षी कागदी पट्टीवर छिद्रे पाडून नोंदवत. पट्टी गेली, नाव राहिले. जेकार्ड मागावर चादर विणणाऱ्या सोलापुरात नक्षीसाठी छिद्रे पाडलेले पंचकार्ड ओळखीचे आहे, मात्र तेथील छिद्र कोणता उभा धागा उचलायचा हे सांगते, तर भरतकामाच्या फाइलमधील नोंद सुई पुढे कोठे टोचायची हे सांगते.

चित्र संगणकात घेतले की आपोआप भरतकाम तयार होते, हा ग्राहकांचा आवडता गैरसमज आहे. बारीक रेषेला रनिंग (एकेरी ओळीचा), साधारण १ ते ७ मिलिमीटर रुंदीच्या पट्टीला साटिन (एका काठापासून दुसऱ्या काठापर्यंत जाणारा) आणि त्याहून रुंद भागाला तातामी (लहान टाक्यांच्या ओळींनी भरणारा) टाका द्यावा लागतो; ४० नंबरच्या धाग्यासाठी ओळींमधील अंतर बहुधा ०.४ मिलिमीटरच्या आसपास ठेवतात. टाका कापडाला आपल्या दिशेने आखडतो, त्यामुळे पडद्यावरचे अचूक वर्तुळ कापडावर लंबगोल उमटते. म्हणून पंचिंग करणारा ते आधीच त्या दिशेने किंचित रुंद काढतो आणि वरच्या टाक्यांखाली कापड धरून ठेवणारे अस्तराचे टाके, म्हणजे अंडरले, घालतो. भरतकाम यंत्रांसाठीच्या प्रचलित डीएसटी प्रकारच्या फाइलमध्ये सुईच्या हालचाली आणि रंग बदलण्याचे थांबे असतात, आकार नसतात. ती नुसती ताणून मोठी केली, तर टाके विरळ होऊन खालचे कापड डोकावते.

गणवेश आणि टेरी टॉवेल ही दोन्ही उत्पादने सोलापुरात होत असल्याने कापडाचा हा प्रश्न येथे विशेष जाणवतो. शाळेच्या शर्टाच्या खिशावर नीट बसलेले चिन्ह त्याच फाइलवरून टॉवेलवर काढले, तर बारीक टाके टॉवेलवरील धाग्यांच्या उभ्या फाशांमध्ये बुडतात. टॉवेलसाठी रेषा जाड करतात, आधी फासे दाबणारी विरळ भरण घालतात आणि वर पाण्यात विरघळणारा पातळ पापुद्रा ठेवतात.

देवनागरी अक्षरांत अडचण आणखी वाढते. शिरोरेषेला अक्षराचा दांडा मिळतो तेथे टाक्यांचे दोन थर पडून गाठ फुगते व धागा तुटू शकतो; ‘राष्ट्रीय’सारख्या शब्दातील जोडाक्षर लहान आकारात भरून जाते, आणि अनुस्वाराचा टिंब तर सुईच्या चार-पाच टोचण्यांतच उरकावा लागतो.